शेजारी नवा पाया, घरात जुनी भिंत: वाचकांची पत्रे आणि उत्तरे

या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे जुन्या वडोदऱ्यातली आहेत. विटा, चुना आणि सागवानाची घरे, आणि त्यांना खेटून उभी राहणारी स्लॅबची नवी बांधकामे. प्रश्न वेगवेगळे असले तरी मूळ एकच आहे. जुनी भिंत ओल घेते, सोडते, थोडी हलते, थोडी झुकते. काँक्रीटची चौकट ताठ असते. दोघांना एकमेकांत गुंतवले की आधी जुने फुटते. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न (दांडिया बाजार): आमचे घर सुमारे शंभर वर्षांचे, विटा-चुन्याचे, एक माडी असलेले. डावीकडचे घर विकले गेले. नवे मालक ते पाडून तिथे चार मजली इमारत बांधणार आहेत. मधली भिंत सामाईक आहे आणि त्यांच्या माडीच्या कड्या (आडव्या लाकडी तुळया) तिच्यातच रुतलेल्या आहेत. "तुमच्या घराला काही होणार नाही, लिहून देतो," असे ते म्हणतात. आम्ही नेमके काय मागावे आणि कशावर लक्ष ठेवावे?

उत्तर: लिहून घ्यायच्या आधी मोजून घ्या. पाडकामाचा पहिला घण पडण्यापूर्वी प्रत्येक खोलीचे, जिन्याचे, माडीचे तारखेसह फोटो काढा. प्रत्येक तड्याचा फोटो जवळून, शेजारी मोजपट्टी धरून. मधल्या भिंतीवर तीन ठिकाणी ओळंबा सोडा आणि वर, मध्ये, खाली दोरा भिंतीपासून किती मिलिमीटर दूर आहे ते लिहून ठेवा. या नोंदीवर तुमची, नव्या मालकांची आणि त्यांच्या इंजिनिअरची सही हवी. "हा तडा आधीपासूनच होता" हा वाद पुढे फक्त या कागदाने मिटतो.

आज असलेल्या तड्यांवर प्रयोगशाळेत वापरतात तशी काचपट्टी (७५ × २५ मिमी) आडवी ठेवून तिची दोन्ही टोके एपॉक्सीने चिकटवा. तेवढ्या जागेवरचा रंग आणि गिलावा काढून थेट विटेवर चिकटवा, नाहीतर रंगासकट काच सुटते आणि काहीच कळत नाही. काच तडकली म्हणजे भिंत हलते आहे एवढे समजते. किती, ते समजत नाही. त्यासाठी तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पितळी स्क्रू बसवून त्यांच्यातले अंतर दर आठवड्याला, सकाळी ठरलेल्या वेळी, व्हर्नियरने (बारीक अंतर मोजायच्या मापकाने) मोजा. १ मिमीपर्यंतचा तडा रंगकामात जातो. ५ मिमीपर्यंत डागडुजी पुरते, मात्र तो वाढत असेल तर शेजारचे काम थांबवून इंजिनिअरला बोलवा. तडा ५ मिमीच्या पुढे गेला, किंवा दारे-खिडक्या चौकटीत अडकू लागल्या, तर आधी ती खोली रिकामी करून टेकू द्या आणि मगच चर्चेला बसा.

पाडकामात सगळ्यात जास्त नुकसान कड्या काढताना होते. पहारीने उचकटली की कडी आपल्याबरोबर भिंतीतल्या दोन-तीन विटा घेऊन येते. कडी भिंतीपासून हातभर अंतरावर करवतीने कापायला सांगा. भिंतीतले टोक नंतर, एका वेळी एकच, काढायचे आणि ते खोबण त्याच दिवशी चुन्याच्या मालात वीट बसवून बंद करायचे, मग पुढचे. शिवाय त्या कड्या आजवर तुमच्या भिंतीला आडवा आधारही देत होत्या. त्या गेल्या की चौदा इंची भिंत वीस फूट उंच एकटी उभी राहते. म्हणून कड्या कापण्याआधी त्यांच्या बाजूने तिरके टेकू लागतात: दर ८ ते १० फुटांवर एक, जमिनीशी ६० ते ७० अंशांत, खाली रुंद फळीवर टेकलेले. तुमच्या बाजूने ५० × ६ मिमीच्या लोखंडी पट्ट्यांनी भिंत तुमच्याच माडीच्या कड्यांना बांधून घ्या. भिंतीबाहेर २०० × २०० × १० मिमीची प्लेट, दोन पट्ट्यांत ४ ते ५ फूट अंतर. कड्या भिंतीला समांतर जात असतील तर पट्टी किमान तीन कड्यांवरून न्यावी लागते. एकाच कडीला बांधलेली पट्टी त्या एका कडीलाच ओढते.

आता खोदकाम. अशा घरांचा पाया बहुधा तीन-चार फूट खोल, विटांच्या पायऱ्यांचा असतो. नव्या इमारतीचा त्याहून खाली जाणार. तुमचा पाया नक्की किती खोल आहे हे पाहण्यासाठी भिंतीलगत ३ × ३ फुटांचा एक चाचणी खड्डा आधी घ्यायला लावा. त्यांना तुमच्या पायाच्या तळाखाली जायचे असेल तर जेसीबीने भिंतीलगत अख्खी चारी एका दिवसात काढणे हे सरळ संकट आहे, कारण पायाखालच्या मातीला बाजूने असलेला दाब निघून जातो आणि ती खड्ड्याकडे सरकते. मीटर-मीटर लांबीचे भाग पाडावेत. आधी १, ३, ५ खोदायचे, तुमच्या पायाखाली काँक्रीट भरायचे आणि वरची दोन-तीन इंचांची फट दुसऱ्या दिवशी १:३ च्या जवळजवळ कोरड्या सिमेंट-रेतीने ठोकून भरायची. ती दोन दिवस घट्ट होऊ द्यावी आणि मगच २, ४, ६ ला हात लावावा. ही शेवटची ठोकून भरणी विसरली जाते, आणि मग नवे काँक्रीट खाली असूनही भिंत त्यावर टेकलेलीच नसते.

वडोदऱ्यात अनेक ठिकाणी काळी चिकण माती लागते. ती उन्हात आकसते, पाण्याने फुगते. उघडा खड्डा मे महिन्यात महिनाभर तसाच राहिला तरी त्रास, आणि त्यात पावसाचे पाणी साचले तर फारच मोठा त्रास. खड्डा जूनच्या सुरुवातीला भरून बंद झालेला असावा. तसे होत नसेल तर खोदकाम दिवाळीनंतर ढकलायला सांगा. या एका अटीवर मागे हटू नका.

नव्या इमारतीचे खांब त्यांच्या हद्दीत, स्वतःच्या पायावर हवेत. हद्दीलगतच्या खांबाचा पाया एका बाजूलाच पसरू शकतो, म्हणून तो आतल्या खांबाशी स्ट्रॅप बीमने जोडावा लागतो. नकाशात हा बीम दिसतो का ते विचारा. त्यांचा स्लॅब तुमच्या भिंतीवर मुळीच टेकता कामा नये. दोन्हींत किमान दोन इंच फट राहू द्या, इमारत उंच असेल तर इंजिनिअरच्या हिशेबाने जास्त. 'आयएस १८९३' या भूकंपरोधक बांधकामाच्या भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत वडोदरा भूकंप-विभाग ३ मध्ये आहे, आणि २६ जानेवारी २००१ चा धक्का इथे साऱ्यांना आठवतो. जुनी भिंत आणि नवी चौकट वेगवेगळ्या तालात हलतात. फट नसेल तर एकमेकींवर आदळतात. त्या फटीत राडारोडा पडू देऊ नका. वरून पत्र्याची झाकपट्टी घाला, तीही एकाच बाजूला खिळलेली.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात पावसात येते. आजवर घराच्या आत असलेली ही भिंत शेजारचे घर पडताच उघड्यावर येते. पाऊस येण्यापूर्वी तिला बाहेरून चुन्याचा गिलावा आणि माथ्यावर पत्रा हवाच. हा खर्च कोणाचा, ते आधीच ठरवा.

कागदांपैकी महापालिकेची रजाचिठ्ठी (बांधकामाची परवानगी), स्ट्रक्चरल नकाशे आणि सिटी सर्व्हेचे प्रॉपर्टी कार्ड पाहा. भिंत कोणाच्या मालकीची, हे दस्तात लिहिलेले असते. वीस वर्षांहून अधिक काळ निर्वेध मिळालेला आधार १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याखाली हक्क ठरू शकतो. वकिलाला दस्त दाखवून, पाडकाम सुरू होण्यापूर्वी, हरकत लेखी नोंदवा.

प्रश्न (वाडी): खालच्या खोलीत भिंतीला लोणा लागतो. दोन वर्षांत दोनदा वॉटरप्रूफ पावडर घालून सिमेंटचे प्लास्टर केले. आधी ओल तीन फुटांपर्यंत होती, आता पाच फुटांवर गेली. आता टाइल लावून टाकाव्या का?

उत्तर: टाइल लावू नका, ओल आणखी वर जाईल. जमिनीतले पाणी विटेच्या बारीक छिद्रांतून वर चढते आणि भिंतीच्या पृष्ठभागातून हवेत उडून जाते. जिथून ते उडते तिथे क्षार मागे राहतात, त्यांचे स्फटिक फुगतात आणि गिलावा फोडतात, तोच लोणा. सिमेंटच्या प्लास्टरने पाणी अडले नाही, त्याची बाहेर पडायची वाट तेवढी बंद झाली. मग ते वाट सापडेपर्यंत वर चढत गेले. तीन फुटांचे पाच फूट झाले ते असे.

सुरुवात भिंतीपासून नको, पाण्यापासून करा. ओल सगळीकडे साधारण एका उंचीवर असेल तर ती जमिनीची. एकाच ठिकाणी धब्बा असेल तर मोरीचा पाइप किंवा पन्हळ गळते आहे. जुन्या गल्ल्यांत रस्त्यावर थरावर थर चढत गेले आणि कित्येक घरांचे जोते रस्त्याच्या पातळीला आले. तुमचा ओटला बाहेरच्या बाजूला उतरता आहे की भिंतीकडे, ते पाहा. भिंतीलगत दोन-अडीच फूट रुंदीची पट्टी बाहेरच्या दिशेने उतार देऊन करा, दर तीन फुटांना एक इंच. निम्म्या घरांत एवढ्यानेच ओल पुष्कळ उतरते.

मग आतले काम. ओलीच्या रेषेच्या दीड फूट वरपर्यंत सिमेंटचे सगळे प्लास्टर काढा. विटांचे सांधे पाऊण इंच खोल खरवडा. क्षार कोरड्या ब्रशने झाडून, गोळा करून घराबाहेर टाका. पाण्याने धुतले तर ते विरघळून पुन्हा विटेत शिरतात. त्यानंतर भिंत पूर्ण उन्हाळा उघडी ठेवा. दिसायला वाईट दिसते, पण या टप्प्याला पर्याय नाही. चौदा इंची भिंत वरून कोरडी वाटते तेव्हाही आत ओलीच असते.

जोत्याला ओलरोधक थर नसेल, आणि जुन्या घरांत तो क्वचितच असतो, तर इंजेक्शनचा उपाय करता येतो. बाहेरच्या जमिनीपासून सहा इंच वर, चुन्याच्या आडव्या सांध्यात, १२ मिमीची छिद्रे ११० मिमी अंतराने पाडायची. खोली भिंतीच्या जाडीपेक्षा दोन इंच कमी. धूळ हवेने काढून सिलेन-सिलॉक्सेन हे पाणी अडवणारे क्रीम मागून पुढे भरत यायचे. चौदा इंची भिंतीच्या दहा फुटांना साधारण २८ छिद्रे आणि एक लिटरच्या आसपास क्रीम लागते. त्याहून दुप्पट-तिप्पट जाऊ लागले तर भिंतीच्या पोटात पोकळी किंवा राडा आहे असे समजा आणि थांबा. ते क्रीम कामाच्या जागी राहत नाही.

गिलावा चुन्याचाच करा. निदान पंधरा दिवस भिजवलेला चुना १ भाग, सुरखी (भाजक्या विटेची भुकटी) १ भाग, चाळलेली रेती २ भाग. दोन हातांत मिळून अर्धा इंच. पहिला हात बोट दाबल्यावर ठसा उमटेल पण चिकटणार नाही इतका घट्ट झाला की दुसरा. दहा दिवस ओले गोणपाट लावून ओलसर ठेवा. कडिया (गवंडी) "लवकर धरेल" म्हणून मालात मूठभर सिमेंट टाकू पाहील. त्या वेळी तिथे उभे राहून नको म्हणा. वर पुट्टी, ऑइल पेंट, प्लास्टिक पेंट काहीही नको, चुन्याची पातळ सफेदी तीन हात. पहिली एक-दोन वर्षे थोडे क्षार पुन्हा फुलतील. ते झाडून टाका. हा गिलावा भिंतीतले क्षार बाहेर ओढून घेतो आहे, आणि विटेऐवजी तोच झिजतो आहे हे चांगलेच आहे. कपाटे भिंतीपासून दोन इंच पुढे ठेवा.

प्रश्न (शियापुरा): आई-वडील माडीवर राहतात, रात्री बाथरूमसाठी जिना उतरावा लागतो. माडी कडीपाटाची, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या टाकलेली, आहे. वर ५ × ६ फुटांचे बाथरूम करता येईल का? कडियाने साडेचार इंची वीट आणि खाली ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जाड थर) असे सुचवले आहे.

उत्तर: त्या पद्धतीने नाही. हिशेब पाहा. तीस चौरस फुटांवर नऊ इंच कोबा म्हणजे सुमारे १,१०० किलो. दोन बाजूंच्या नव्या विटांच्या भिंती, आठ फूट उंच, दोन्हीकडे प्लास्टरसह, सुमारे २,००० किलो. टाइल आणि मसाला पाव टन. म्हणजे पाण्याची बादली भरण्याआधीच तीन टनांहून जास्त. राहत्या खोलीसाठी वावराचा भार चौरस मीटरला २०० किलो धरतात, त्या हिशेबाने एवढ्या जागेवर ५६० किलो येतात. कडीपाट लगेच मोडणार नाही, हळूहळू झोळ घेईल, कोब्याला चीर पडेल, पाणी कड्यांवर झिरपेल आणि भिंतीतली टोके कुजतील.

हलके बाथरूम होऊ शकते. आधी कड्या तपासा. भिंतीत शिरणाऱ्या टोकाशी टोच्या मारून पाहा. पाव इंचाहून जास्त सहज रुतला तर टोक गेले आहे. दहा फुटांच्या गाळ्यात अर्धा इंच झोळ चालेल, एक इंच असेल तर आधी मजबुती. कुजलेल्या टोकासाठी कडीला खालून टेकू द्या, कुजका भाग कापा आणि दोन्ही बाजूंनी लोखंडी चॅनेल १२ मिमी बोल्टने जोडून ते भिंतीत सहा इंच टेकवा. टोकाभोवती इंचभर हवा खेळू द्या. सिमेंटने गच्च भरले की लाकूड पुन्हा कुजते.

जागा बाहेरच्या भिंतीलगत, कोपऱ्यात निवडा. भिंतींना जीआय (जस्त चढवलेल्या) पत्र्याचा सांगाडा आणि दोन्ही बाजूंना १२ मिमी सिमेंट फायबर बोर्ड, जमिनीला पाटांवर १८ मिमी बोर्ड. त्यावर दोन घटकांचे पॉलिमर-सिमेंट लेपन दोन हात, कोपऱ्यांत जाळी, भिंतीवर एक फूट आणि शॉवरच्या बाजूला सहा फुटांपर्यंत. टाइल चिकटवायला मसाल्याचा जाड थर नको, अॅडेसिव्ह वापरा. सगळे मिळून सहाशे-साडेसहाशे किलोंत बसते. हाही आकडा इंजिनिअरला दाखवून, त्या कड्यांची जाडी-उंची मोजूनच मान्य करून घ्या. कमोड असा निवडा ज्याचा निकास मागे, भिंतीतून बाहेर जातो, म्हणजे पाट कापावे लागत नाहीत. ११० मिमीचा पाइप थेट बाहेर, दर चार फुटांना एक इंच उतार. न्हाणीच्या जाळीसाठी मात्र जमीन चार इंच उचलावी लागते. आई-वडिलांसाठी ती पायरी आलीच, तेव्हा दोन्ही बाजूंना धरायला दांडे आणि पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी लावा. दांडे फक्त बोर्डला लावू नका, मागे सांगाड्यात लाकडी ठोकळा आधीच बसवून घ्या.

काम झाल्यावर इंचभर पाणी ४८ तास भरून ठेवा आणि खालून पाहा. आणि खालच्या खोलीत त्या भागाखाली पीओपीचे छत कधीही करू नका. गळती पहिल्या दिवशी दिसली तर दुरुस्ती सोपी असते. छताने झाकली तर ती कळेपर्यंत कडी गेलेली असते. टाकीही या भागावर ठेवू नका.

हे सगळे शक्य असले तरी, खाली एखादी खोली मोकळी होत असेल तर आई-वडिलांना तिथे आणणे आम्ही पहिले सुचवू.

प्रश्न (बाबाजीपुरा): जुने घर उतरवून नवे बांधतो आहोत. परसात पाच फूट व्यासाची, चाळीस फूट खोल विहीर आहे. एक खांब तिच्या काठापासून तीन फुटांवर येतो. पाडकामाचा राडा टाकून ती बुजवावी का?

उत्तर: राडा टाकू नका. सुमारे ७८५ घनफूट भराव लागेल. त्यात लाकूड, माती, पोकळ तुकडे गेले की तो वर्षानुवर्षे खचत राहील, आणि पाणीही दूषित होईल. खांब हलवा. हलवता येत नसेल तर दोन्ही बाजूंच्या पायांवरून विहिरीवर बीम टाकून खांब त्यावर घेण्याचा आराखडा इंजिनिअरकडून करून घ्या. बुजवलेल्या विहिरीवर पाया कधीच नको, भराव कितीही ठोकलेला असो.

विहीर राखून तिच्यात गच्चीचे पाणी सोडणे हे आमचे ठाम मत आहे. हजार चौरस फूट गच्चीवर एक इंच पाऊस म्हणजे सुमारे २,३०० लिटर पाणी. वाटेत ३ × ३ फुटांची गाळणी करा: खाली ४० मिमी खडी, मध्ये २० मिमी, वर जाड रेती, प्रत्येकी एक फूट. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर सोडायला तोटी हवी. पाइप विहिरीत पाण्याच्या पातळीपर्यंत खाली न्या. वरून धार पडली की विटांचे बांधकाम झिजते. वरची रेती दर मे महिन्यात काढून धुवा, नाहीतर गाळणी तुंबून पाणी परसात पसरते. मोरीचे किंवा संडासाचे पाणी जवळूनही नेऊ नका. वर जाळी आणि कुलूप लागणारे झाकण.

साफसफाईसाठी माणूस उतरवण्याआधी ब्लोअरने बराच वेळ हवा आत सोडा. बंद विहिरीत प्राणवायू कमी असतो. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि वर दोन माणसे, ती हलणार नाहीत अशी.

प्रश्न (कारेलीबाग): जुन्या बंगल्याला लागून आरसीसीची खोली काढली. दोन्हींच्या सांध्यावर वरपासून खालपर्यंत सरळ चीर पडते. तीन वेळा सिमेंटने भरली, दर वर्षी उघडते.

उत्तर: ती चीर नाही, सांधा आहे, तिथे हालचाल होणारच. नवी खोली पहिली काही वर्षे थोडी खाली बसते, आणि उन्हात दोन्ही बांधकामे वेगवेगळी ताणतात. सळया घालून ती जखडू नका. चीर शेजारच्या विटांत जाईल. कटरने २० मिमी रुंद सरळ खाच करा, धूळ काढा, आत २५ मिमीची फोमची दोरी दाबा आणि वर १० मिमी खोल पॉलियुरेथेन सीलंट भरा. दोरी न घालता सीलंट भरले तर ते तिन्ही बाजूंना चिकटते, ताणता येत नाही आणि फाटते. वरून अॅल्युमिनियमची पट्टी लावा, स्क्रू फक्त नव्या खोलीच्या बाजूला. गच्चीवर त्याच सांध्याला पत्र्याची झाकण हवी, नाहीतर पाणी वरून शिरून खाली सीलंटमागे साठेल. मे महिन्याच्या दुपारी भरू नका. तेव्हा फट सर्वांत अरुंद असते आणि जानेवारीत सीलंटवर सगळा ताण येतो. नोव्हेंबरात, सकाळी भरा.